हलका फराळ

सांगलीच्या बाजारपेठेत हळदीच्या एका अडतीवर त्या आजोबांनी चाळीस वर्षे दिवाणजीचे काम केले. समोर काटा, मांडीवर चोपडी आणि कानावर लेखणी, असा त्यांचा थाट असे. हळकुंडांची पोती काट्यावर चढत आणि उतरत. आजोबा आकडा पाहत आणि टिपून घेत. त्यांच्या हिशेबात कधी पावशेराचीही तफावत आली नाही, असे अडतीवरची जुनी माणसे आजही सांगतात. परंतु या चाळीस वर्षांत त्या काट्यावर आपण स्वतः उभे राहावे, असा विचार मात्र त्यांच्या मनाला एकदाही शिवला नाही.

काम बैठे होते. दुपारचे चार वाजले की भडंगाची पुडी सुटे. लसणीच्या फोडणीने माखलेले चुरमुरे, त्यांत मूठभर शेंगदाणे, वर गोड चहा. आणि समोर गिऱ्हाईक असेल तर त्याच्या आग्रहासाठी आणखी एक चहा. घरी परतताना रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की पाय आपोआप तिकडे वळत. उसाच्या मुलखात राहून रसाला नाही कसे म्हणावे! असे दिवस गेले, वर्षे गेली. आजोबा निवृत्त झाले आणि एके दिवशी कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना मध्येच खाली बसले. गुडघ्याने साफ नकार दिला होता.

डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभे केले. आकडा चौऱ्याऐंशीवर थांबला. रक्तातील साखरही उंबरठ्याशी येऊन उभी होती. "आठ किलो उतरवा," डॉक्टर म्हणाले. "एक किलो वजन उतरले, की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. माझ्या गोळ्यांपेक्षा ते औषध मोठे आहे."

एकास चार! चाळीस वर्षे व्यापाराजवळ बसलेल्या माणसाला हा भाव पटल्यावाचून कसा राहील?

आजोबांनी प्रथम जो मार्ग धरला, तो बहुतेकांनी धरलेला असतो. त्यांनी उपवास सुरू केले. सोमवार, गुरुवार, शनिवार. शिवाय चतुर्थी आणि एकादशी होत्याच. सकाळपासून पोट रिकामे ठेवून दुपारी ते साबुदाण्याच्या खिचडीवर बसत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, वर तुपाची धार, शेजारी बटाट्याची भाजी आणि वाटीभर दही. रात्री भुकेने झोप येईना, म्हणून दोन खजूर. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. महिनाअखेर आजोबा वजन पाहावयास गेले, तेव्हा ते अर्ध्या किलोने वाढलेले निघाले! त्या दिवशी ते घरी आले ते खिन्न होऊन, आणि कोणाशी न बोलता झोपाळ्यावर बसून राहिले.

त्यांची नात तेव्हा सातवीत होती. त्याच आठवड्यात तिच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात उष्मांक शिकवला होता. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवावयास जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे आहारातला एक उष्मांक. अन्न हे शरीराचे सरपण आहे. कोणत्या सरपणात किती धग आहे, ते या मापाने मोजता येते. बाईंनी मुलांना एक गोष्टही सांगितली होती. अमेरिकेतील मिडलटाउन या गावी, वेस्लियन विद्यापीठात, विल्बर ॲटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एडवर्ड रोझा या सहकाऱ्याच्या मदतीने १८९० नंतरच्या दशकात एक विलक्षण खोली बांधली. खोली कसली, मोठी पेटीच ती. एक माणूस, एक खाट आणि थोडे सामान यांपुरतीच. त्या बंद पेटीत माणूस दिवसचे दिवस राही. तेथेच जेवी, निजे, वाचन करी, जागच्या जागी सायकलही चालवी. त्याच्या अंगातून निघणारी उष्णता नळ्यांतून खेळवलेले पाणी टिपून घेई आणि बाहेर तिची मोजदाद होई. अशा प्रयोगांतून जे आकडे निघाले, ते जगभर आजही वापरले जातात : एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर म्हणजे चार उष्मांक, एक ग्रॅम प्रथिन म्हणजेही चारच, आणि एक ग्रॅम तेल किंवा तूप म्हणजे मात्र नऊ.

"नऊ?" आजोबा झोपाळ्यावरून उठून बसले. "म्हणजे दुपटीहून अधिक?"

"हो आजोबा. आणि पाण्याचे शून्य."

आजोबांनी फडताळातून एक कोरी, लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी काढली. अडतीवरून निवृत्त होताना आठवण म्हणून मिळालेली ती चोपडी इतके दिवस तशीच पडून होती. पहिल्या पानावर त्यांनी नित्याप्रमाणे 'श्री' लिहिले आणि रोजमेळ आखला. जे खाल्ले ते जमा. जे चालण्या-फिरण्यात आणि श्वासोच्छ्वासात गेले ते खर्च. आणि जी शिल्लक राहिली ती? ती कोठे साठते, हे सांगावयास आरशाची गरज नव्हती.

आकडे कोठून आणावयाचे, हा प्रश्न नातीने सोडवला. हैदराबाद येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचा आरंभ १९१८ साली दक्षिणेतील कुन्नूर येथे एका लहानशा संशोधनकेंद्राच्या रूपाने झाला होता. या संस्थेने २०१७ साली पाचशेहून अधिक भारतीय पदार्थांचे घटक मोजून त्यांची सारणी प्रसिद्ध केली. बाईंनी तिच्यातील काही पाने मुलीला उतरवून घेऊ दिली. त्या सारणीत उष्णता उष्मांकांत दिलेली नसून किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. म्हणून प्रत्येक आकड्याला ४.१८ ने भागावे लागे. आजी म्हणे, "घरात स्वयंपाक कमी आणि भागाकारच जास्त झाले आहेत!"

चोपडीने पहिल्याच आठवड्यात जे उघडकीस आणले, ते मोठे मनोरंजक होते. आजोबांना खमंग काकडी फार आवडे आणि ती पथ्याची म्हणून ते दोन वाट्या घेत. दोनशे ग्रॅम काकडी म्हणजे अवघे तीस उष्मांक. काकडीत शंभर भागांपैकी पंचाण्णव भाग पाणीच असते. पण तिच्यात पडलेले दोन मोठे चमचे दाण्याचे कूट शंभराच्या वर गेले आणि फोडणीचे तेल चाळीसावर. पाहुणे घरधन्याहून भारी ठरले! भडंगाचीही तीच गत. वाटीभर साधे चुरमुरे पंधरा ग्रॅमही भरत नाहीत. त्यांचे उष्मांक साठाच्या आत. त्याच चुरमुऱ्यांना तेल पाजले आणि मूठभर दाण्यांची सोबत दिली, की आकडा तिपटीने चढतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे एकशेवीस उष्मांक. तेवढे खर्चावयास आजोबांच्या वजनाच्या माणसाला साधारणपणे अर्धा तास चालावे लागते. हा हिशेब झाल्यापासून आजोबा फोडणीच्या पळीकडे अशा नजरेने पाहू लागले, की आजी पळी पदराआड धरी.

यात शेंगदाण्याचा किंवा तेलाचा काही अपराध नाही, हे सांगितलेच पाहिजे. दाणा हे उत्तम अन्न आहे. प्रश्न इतकाच, की ते इतके सकस आहे की थोड्या जागेत पुष्कळ मावते, आणि पोटाला आकडे वाचता येत नाहीत. पोटाला कळते ते आपण किती भरलो एवढेच. आणि ती वार्ता मेंदूपर्यंत नीट पोहोचावयास सुमारे वीस मिनिटे लागतात. तेव्हा जे जागा पुष्कळ व्यापते, चावावयास वेळ घेते, आणि तरी ज्यात धग थोडी असते, ते वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाचे मित्र. उपाशी राहणाऱ्याची भूक रात्री व्याजासकट वसुली करते. म्हणून उपाशी न राहता हलके खावे, हे आजोबांना चोपडीनेच शिकवले.

मग घरात हलक्या पदार्थांचा शोध सुरू झाला आणि गंमत अशी, की बहुतेक पदार्थ घरातच निघाले. पहिला मान ताकाचा. एक वाटी दह्यात तीन भांडी पाणी घालून, रवी फिरवून, लोणी काढून घेतलेले पातळ ताक. त्यात किसलेले आले, भरडलेले जिरे आणि कोथिंबिरीची दोन पाने. एका भांड्याला पुरते वीस उष्मांकही होत नाहीत. चैत्रातल्या दुपारी रसवंतीची घुंगरे वाजू लागली, की आजोबा ताकाचे भांडे तोंडाला लावत आणि घुंगरे संपेपर्यंत खाली ठेवत नसत. मीठ मात्र बेताने. रक्तदाबाची तक्रार डॉक्टरांनी आधीच कानावर घातली होती.

दुसरा मान आंबिलीचा. नाचणीचे पीठ रात्री ताकात भिजवून ठेवावे, सकाळी पाण्यात शिजवावे आणि लसणीची एक पाकळी ठेचून घालावी. वाडगाभर आंबील प्यायल्यावर दोन प्रहरांपर्यंत भूक डोके वर काढीत नाही. ही एके काळी शेतावरच्या माणसांची न्याहारी. शहरात आलेल्या घरांनी तिला मागल्या दाराने घालवून दिले होते. आता तीच पुढल्या दाराने, पथ्याचे पक्वान्न म्हणून परत येत आहे. तिला हसू येत असेल.

मोड आलेली मटकी, कुकरमध्ये नुसती वाफवून, वर कांदा आणि लिंबू, भाजलेला पापड, मुगाचे कढण, थंडीत पेरू. पेरूची तर आजोबांनी चोपडीत विशेष नोंद केली. मध्यम आकाराच्या पेरूचे उष्मांक शंभराच्या आसपास, आणि चोथा इतका की तो खाऊन झाल्यावर दुसरे काही मागण्याचे धैर्य होत नाही.

आणि मग तासगावचे बेदाणे आले. एका जुन्या शेतकरी स्नेह्याने पेटी पाठवली होती. "फळच आहे, खावयास काय हरकत?" असे म्हणून आजोबांनी मूठ भरली. नातीने सारणी पुढे केली. शंभर ग्रॅम द्राक्षांत सत्तरच्या आत उष्मांक, आणि शंभर ग्रॅम बेदाण्यात तीनशेच्या घरात! एकाच वेलीची ही दोन लेकरे. एवढा फरक कशाने पडला? आजोबांना तो उलगडा तत्काळ झाला, कारण बेदाण्याचा व्यवहार त्यांनी जवळून पाहिला होता. शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षे पसरतात. बारा-पंधरा दिवसांत वारा त्यांतले पाणी पिऊन टाकतो आणि चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. साखर सारी आत राहते. उडून जाते ते पाणी. म्हणजे मूठभर बेदाणे खाणारा चार मुठी द्राक्षे खातो. फक्त पोटाला ते कळत नाही. पाणी ही किती मोठी वस्तू आहे, हे त्या दिवशी त्या दोघांना नव्याने समजले.

आजीची मात्र या साऱ्यात कुचंबणा झाली. चाळीस वर्षे जिच्या हाताच्या चवीची आळीत ख्याती, तिला पळी मोजून तेल घालावयास सांगणे हा एक प्रकारचा अपमानच होता. ती काही दिवस रुसली. नंतर एका सकाळी तिने आपणहून चमचाभर तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि लाल मिरची अशी काही तडतडवली, की ती फोडणी वाटीभर चुरमुऱ्यांना पुरून उरली. दाण्यांच्या जागी भाजलेले फुटाणे मोजून वीस टाकले. "घ्या तुमचे भडंग," ती म्हणाली. आजोबांनी ते खाल्ले, आणि चोपडीत आकड्यापुढे 'उत्तम' असा शेरा मारला. हिशेबाच्या वहीत शेरा मारण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

चौथ्या महिन्यात वजन पाच किलोंनी उतरले. घरात आनंद झाला. याच सुमारास एका लग्नात कोणा पाहुणीने नातीच्या गालाला हात लावून, सहज, कौतुकानेच म्हटले, "ही अगदी आजोबांच्या वळणावर गेली हो!" सर्वजण हसले. मुलगीही हसली. आणि ती गोष्ट तेथेच संपली, असे सर्वांना वाटले.

मुलगी शाळेच्या खो-खोच्या संघात होती. संध्याकाळी ती अंधार पडेपर्यंत मैदानावर असे. आताशा ती लवकर घरी येऊ लागली. "दम लागतो," म्हणे. अभ्यासाला बसली की पेंगू लागे. डबा मात्र रोज रिकामा येई, म्हणून कोणी काही विचारले नाही. एके दुपारी आजोबा चोपडीत मागची शिल्लक शोधत होते. पाने उलटता उलटता ते अगदी शेवटच्या पानावर आले. तेथे त्यांच्यासारखाच रोजमेळ आखलेला होता. अक्षर बारीक, मुलीचे. 'सकाळ : अर्धा कप दूध. डबा : काकडी (पोळी मैत्रिणीला दिली). दुपार : ताक. रात्र : अर्धी भाकरी.' अशा ओळी, एकाखाली एक, सतरा दिवसांच्या. आणि प्रत्येक दिवसाखाली, आजोबांच्याच पद्धतीने दोन रेघा मारून : 'शिल्लक निरंक.'

त्या दोन रेघांकडे आजोबा पुष्कळ वेळ पाहत राहिले. चाळीस वर्षांत त्यांच्या चोपडीत एवढी मोठी चूक कधी झाली नव्हती.

ते चोपडी घेऊन तसेच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पान वाचले. मुलीला बोलावून तिची उंची आणि वजन पाहिले आणि मग म्हणाले, "हिचे वजन हिच्या वयाला आणि उंचीला अगदी योग्य आहे. आजोबा, साठी उलटलेल्या आणि बैठ्या माणसाला दिवसाला सतराशेच्या आसपास उष्मांक पुरतात. दहा ते बारा वर्षांच्या मुलीला दोन हजारांच्या वर लागतात. तुमच्यापेक्षा हिला अधिक लागते, ठाऊक आहे? तुम्हांला आता काही वाढवायचे नाही. हिला उंची वाढवायची आहे, हाडे भरायची आहेत, रक्त करायचे आहे, आणि वर खो-खो! हिच्या खात्यावर शिल्लक दिसलीच पाहिजे."

मुलगी मान खाली घालून बसली होती. आजोबा तिला रागावले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी तिला झोपाळ्यावर शेजारी बसवले आणि चोपडी उघडली. ती पान फाडावयास निघाली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"बाळ, दिवाणजी चुकला तर पान फाडत नाही आणि खोडतही नाही. चूक तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नोंद करतो. म्हणजे पुढल्याला कळते."

त्यांनी लेखणी घेतली आणि सावकाश लिहिले : 'वरील खाते चुकीने उघडले. बंद केले.' खाली सही केली आणि मग तिलाही सही करावयास लावले. सही करताना ती रडली. आजोबांनी चष्मा पुसण्याचे निमित्त केले.

दुसऱ्या दिवसापासून डब्यात पोळी-भाजीबरोबर शेंगदाण्याचा लाडू जाऊ लागला. आजी तो मोठाच वळी आणि डबा परत आल्यावर मैत्रिणीलाही एक मिळाला ना, हे विचारी. कारण पोळी वाटून खाण्याची सवय मोडावी, असे तिला मुळीच वाटत नव्हते. तासगावच्या बेदाण्यांची पेटी आजोबांच्या फडताळातून नातीच्या दप्तराशेजारी आली. महिन्याभरात ती पुन्हा अंधार पडेपर्यंत मैदानावर राहू लागली आणि घरची माणसे पुन्हा तिला उशिराबद्दल रागावू लागली.

आजोबांचे उरलेले तीन किलो उतरावयास आणखी पाच महिने लागले. त्या दिवशी ते मुद्दाम आपल्या जुन्या अडतीवर गेले. हळकुंडांची पोती बाजूला सारून हमालांनी त्यांना काट्यावर उभे केले आणि नव्या दिवाणजीने मोठ्याने आकडा वाचला. "शहात्तर!" हमालांनी टाळ्या वाजवल्या. नातही बरोबर होती. कोणीतरी तिला म्हणाले, "ये, तूही चढ." आजोबा चटकन म्हणाले, "नको, तिचा माल अजून तयार व्हायचा आहे."

तेथून ते दोघे कृष्णेच्या घाटावर गेले. आजोबा पायऱ्या उतरले. मध्ये एकदा थांबले, पण बसले नाहीत. पाण्याजवळच्या पायरीवर दोघांनी आपापल्या पुड्या सोडल्या. आजोबांच्या पुडीत काकडीच्या फोडी आणि साधे चुरमुरे. नातीच्या पुडीत तेला-लसणीचे, दाण्यांनी भरलेले खरे भडंग. आयर्विन पुलावरून वाहने जात होती आणि नदीवर ऊन उतरत होते. लसणीचा वास दरवळला. आजोबांनी इकडेतिकडे पाहिले, हात लांबवला आणि तिच्या पुडीतले दोन दाणे उचलले.

"आजोबा!" ती ओरडली.

"ओरडतेस काय?" दाणे चावत आजोबा म्हणाले. "जमेला लिही."